प्रति: सीएमए परीक्षा, नळ्यांचा क्रम लक्षात राहत नाही
ताई, बहिणीची अमेरिकेतली सीएमए (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या मदतनीसाची) परीक्षा आहे आणि रक्ताच्या नळ्या कुठल्या क्रमाने भरायच्या ते तिच्या डोक्यात बसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. इंदूरला लॅबमध्ये लागले तेव्हा मीही हाच घोळ घातला होता. नुसतं घोकू नका म्हणावं, कारण धरा. आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू तपासायची बाटली), मग निळं झाकण, लाल, हिरवं, जांभळं, शेवटी राखाडी. जांभळ्यात पोटॅशियमवालं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. त्याचा अंश पुढच्या नळीत गेला की पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं, कॅल्शियम घटलेलं. मी एकदा जांभळीनंतर लाल भरली. रिपोर्ट पाहून सरांनी पेशंटला परत बोलावलं. माझे पोहे टेबलावर गार झाले, क्रम मात्र पक्का बसला.

बाकी पेपर 200 प्रश्नांचा, 40-40 मिनिटांचे चार भाग. त्यातले 20 गुणांत धरत नाहीत, पण कुठले ते कळत नाही, तेव्हा एकही सोडू नये. आणि हो, इन्शुरन्स-बिलिंगला वेळ द्या. इथून गेलेल्यांना सुईपेक्षा तेच जास्त टोचतं!