मदत हवी आहे: एमटीबीला (डोंगरी सायकलला) पुढे तीन चकत्या ठेवू की एकच?

कच्चीवाट: २९ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नाही). पुढे ४२-३२-२२ दातांच्या चकत्या, मागे आठ गिअर, ११ ते ३४ दात. वापर: रोज ऑफिस, रविवारी सिंहगडाचा घाट, पावसाळ्यात टेकड्यांवरच्या कच्च्या वाटा. चिखलाने पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) अडतो, खडकाळ उतारावर चेन पडते. पुढची मोठी आणि लहान चकती काढून फक्त ३२ ठेवली तर चालेल का?

दात-मोजणी: नुसत्या चकत्या काढू नका. आज सर्वात हलका गिअर २२/३४, म्हणजे ०.६५ (पेडलच्या एका फेरीला चाकाच्या तेवढ्या फेऱ्या). तुमच्या बेताने तो ३२/३४, म्हणजे ०.९४ होईल. सिंहगडाच्या चढाला गुडघे बोलायला लागतील. शिवाय तिहेरी संचातल्या मधल्या चकतीचे दात चेन सहज सरकावी म्हणून आखूड आणि उतरते असतात. डिरेलरचा पिंजरा (चेनला दोन्ही बाजूंनी आवरणारे पत्रे) गेला की तिच्यावरून चेन आणखीच पडेल.

करायचंच तर पुढे ३० दातांची नॅरो-वाइड (आलटून पालटून बारीक आणि रुंद दातांची, चेन धरून ठेवणारी) चकती, मागे ११-४६. ३०/४६ म्हणजे पुन्हा ०.६५, चढाला काहीच गमावत नाही. गमावता ते वरचं टोक: मिनिटाला ९० पेडल फेऱ्यांना ४२/११ वर ताशी साधारण ४७ किमी, ३०/११ वर ३३-३४. ऑफिसच्या सपाट रस्त्याला तेवढं पुरतं.

चेनतेल: सामान सांगतो. शिमानो डिओरे दहा गिअरचा एम४१०० शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलणारा खटका), एम४१०० ११-४६ कॅसेट (मागच्या दात्यांचा संच), एम५१२० मागचा डिरेलर (याला चेन ताणून धरणारा क्लच आहे, एम४१२० ला नाही), दहा गिअरची चेन, नवी केबल. जुना आठचा शिफ्टर या डिरेलरला जुळत नाही, एका क्लिकला ओढली जाणारी केबल आणि डिरेलरची चाल वेगळी पडते. म्हणून "आधी कॅसेट, बाकी पुढच्या पगाराला" हा बेत फसतो.

खरेदीआधी दोन गोष्टी बघा. क्रँकच्या चकत्या रिव्हेटने ठोकलेल्या असतील तर क्रँकच बदलावा लागेल. चार बोल्टचा १०४ मिमी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) असेल तर ३० ची चकती घेताना स्वतःच्या आट्या असलेली घ्या, साधी ३२ च्या खाली बसत नाही. दुसरं, मागचं चाक काढा आणि दाते उलटे फिरवा. मधली हत्यार बसायची खाच सोबत फिरली तर कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसवलेला जुन्या पद्धतीचा संच). फ्रीव्हील असेल तर हबही बदलावा लागेल, आणि मग हिशेब बिघडतो.

कच्चीवाट: खाच सोबत फिरते. चकत्यांना बोल्ट आहेत, १०४ च.

चेनतेल: मग जमेल. जोडल्यावर मागच्या डिरेलरच्या बी-स्क्रूने (पुली दात्यांपासून किती लांब ते ठरवणारा स्क्रू) वरची पुली आणि ४६ च्या दात्यामध्ये ५-६ मिमी फट ठेवा.

दात-मोजणी: पण त्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा: उतार सुरू होण्याआधी चेन २२ वरून ४२ वर चढवा. २२ वर आणि मागे लहान दात्यावर चेन सैल लोंबते, उडते ती तिथेच. पिंजऱ्याचा बाहेरचा पत्राही मोठ्या चकतीच्या दातांपासून १-३ मिमी वर आणि तिला समांतर आहे ना, पाहा. एवढ्याने चेन थांबली तर उरतो फक्त चिखल, आणि त्यासाठी सगळा संच बदलायचा का हे पावसाळ्यात किती वेळा बाहेर पडता त्यावर.