‘श्वास’च्या आधी मराठी सिनेमा नव्हताच?

निपाणीकर
काल इथं एकानं लिहिलंय की २००४ ला ‘श्वास’ आला आणि मराठी सिनेमा तिथून सुरू झाला. त्याआधी म्हणे नुसता तमाशा, फेट्यातला पाटील आणि पदर डोळ्याला लावलेल्या बायका. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलीय. वाचून डोकं तापलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाटील म्हणता ना, मग ‘सामना’तला हिंदूराव बघा. कारखाना त्याचा, सोसायटी त्याची, माणसं त्याची. आणि कुठून तरी आलेला एक फाटका, दारुडा मास्तर एकच विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? हिंदूराव झालेले निळूभाऊ फुले आणि मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू समोरासमोर बसलेत, आवाज कुणाचाच चढत नाही, तरी आपल्याला घाम फुटतो. लिहिलंय तेंडुलकरांनी, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेला. आमच्या भागात ज्यानं साखर कारखान्याची एक निवडणूक जवळून बघितलीय, त्याला हा सिनेमा जुना वाटणं शक्य नाही.

त्याच्याही मागं जा. १९३६ चा ‘संत तुकाराम’. पोरगा तापानं फणफणलाय आणि जिजाई चप्पल हातात घेऊन थेट देवळात शिरते, विठ्ठलाला जाब विचारायला. आज असा प्रसंग लिहायची कुणाची छाती आहे सांगा. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसला त्याचा गौरव झाला.

आणि ज्या ‘रडणाऱ्या बाई’ची टिंगल केली त्या सुलोचनाबाई आपल्या खडकलाटच्या, बेळगाव जिल्ह्यातल्या. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झाल्या आणि पुढं अख्ख्या हिंदी सिनेमाची आई झाल्या. आपल्या मातीतल्या बाईबद्दल बोलताना थोडी जाण ठेवा, एवढंच मागणं आहे.

टिळकवाडी
निपाणीकर काका, कालचं मी लिहिलं होतं. सुलोचनाबाईंबद्दल एक अक्षर वाईट लिहिलेलं नाही, परत वाचा. बाकीच्यावर मी ठाम आहे.

तुम्ही एवढ्या वर्षांतले निवडक हिरे काढून समोर ठेवता आणि म्हणता खाण अशी होती. ‘अशी ही बनवाबनवी’ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण १९८८ नंतर तोच बंगला, तीच सोंगं, तीच बागेतली गाणी घेऊन जे आलं त्यातलं काय आठवतं तुम्हाला? मी त्याच काळात वाढलो. वर्गातली कन्नड पोरं आमच्या सिनेमाला हसायची आणि मला उत्तर सुचायचं नाही.

आता नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ घ्या. त्यातल्या जब्या नावाच्या पोराच्या घरचे डुक्कर पकडायला धावताहेत, हातातोंडाशी आलंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर डोळ्यांदेखत निघून जातं. नंतर तेच डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकरांची चित्रं. कुणी भाषण करत नाही. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड सरळ आपल्या तोंडावर येतो. तुमच्या जुन्या सिनेमात हा पोरगा कुठं होता? पाटलाच्या वाड्यात झाडू मारत मागं उभा असेल, नाव नाही, बोलणं नाही. नागराज मंजुळे करमाळ्याकडचा माणूस, आपल्या भोगलेल्यातून लिहितो. हा फरक मोठा आहे आणि तो तुम्ही टाळताय.

निपाणीकर
टाळत नाही. १९७७ चा ‘जैत रे जैत’ ठाकर आदिवासींवर नव्हता काय? नाग्या आणि चिंधी कुठल्या वाड्यात झाडू मारत होते?

टिळकवाडी
सुंदर सिनेमा आहे, गाणी मलाही आवडतात. पण कादंबरी गो. नी. दांडेकरांची, कॅमेऱ्यामागं शहरातली माणसं. ठाकरांनी आपली गोष्ट आपण सांगितलेली नाही ती. तुम्हाला हे पटणार नाही, माहीत आहे मला.

खानापूरची लेक
तुम्ही दोघं पुरस्कारांच्या पलीकडं येणार आहात का? ‘माहेरची साडी’चं नाव काढलं की शिकलेली माणसं नाक मुरडतात. माझी आई जंगलाकडच्या वाडीतली. वर्षभर शेत, गुरं, सासू. तो सिनेमा लागला तेव्हा वाडीतल्या बाया एकत्र निघाल्या, भाकऱ्या बांधून, एस.टी.नं. परत आली तेव्हा डोळे सुजलेले आणि चेहरा असा मोकळा की मी आधी कधी बघितला नव्हता. तिचं दुःख पडद्यावर कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं. तुमच्या महोत्सवातल्या सिनेमानं माझ्या आईसाठी काय केलं? ‘बाईपण भारी देवा’ला २०२३ मध्ये बायकांनी गर्दी केली तीही याचसाठी. त्याला रडारड म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि एक विचारते. हे सगळे नवीन सिनेमे तुम्ही बघता कुठं? खानापुरात बसून मला तर काही बघायला मिळत नाही.

अनगोळ
ताईंनी दुखण्यावर बोट ठेवलं. जुनं भारी की नवं भारी हे कोल्हापूर-पुण्याच्या लोकांनी भांडावं, त्यांच्याकडं दोन्ही लागतं. आपल्याकडं बेळगाव शहरातल्या एका थिएटरात गाजलेला मराठी सिनेमा लागला, तो सकाळच्या खेळाला. मी रजा टाकून बायको-पोरांना घेऊन गेलो तर खिडकीवर सांगितलं, कालच उतरवला. शुक्रवारी लागला होता! मग गाडी काढून कोल्हापूर गाठलं. शंभराच्या वर किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, एका सिनेमासाठी. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव, जवळ आला की वातावरण तापतं, मग मराठी पोस्टर लावायला कोण धजतो? आणि तिकिटाचंही ऐका. २०१७ ला जीएसटी येईपर्यंत कर्नाटकात कन्नड सिनेमाला करमणूक कर माफ होता आणि आपल्याला लागू. म्हणजे आपल्याच गावात आपल्या भाषेतला सिनेमा महाग. यावर बोला की.

चिकोडी रोड
सगळं कन्नडवर ढकलू नका ओ. मी घरात मराठी, बाजारात कन्नड, दोन्हीकडचे सिनेमे बघतो. थिएटरवाला खुर्च्या मोजतो. त्या सकाळच्या खेळाला किती जण होतात ते सांगा. मराठी मराठी म्हणून मोर्चाला येणारी माणसं सिनेमा मोबाईलवर चोरून उतरवतात आणि गटात फिरवतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघतोय.

आणि दुश्मनी कसली? कन्नडचा पहिला बोलपट ‘सती सुलोचना’, १९३४ चा, तयार झाला कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. ‘सैराट’ वर्षभरात ‘मनसु मल्लिगे’ होऊन कन्नडमध्ये आला, नायिका आपली रिंकूच. मी तो थिएटरात बघितला. गाणं कन्नडमध्ये सुरू झालं आणि मागची पोरं मराठी शब्द म्हणायला लागली, कुणी कुणाला मारलं नाही.

अनगोळ
तुम्हाला सोपं आहे. दोन्हीकडं पाय ठेवून उभे राहता आणि आम्हाला शहाणपण शिकवता. पोस्टरला काळं फासलेलं बघितलंय का कधी? मी बघितलंय, माझ्या गल्लीच्या तोंडाला. चोरून बघणाऱ्यांची बाजू मी घेत नाही, पण पडद्यावर येऊच दिलं नाही तर माणूस काय करणार?

चिकोडी रोड
दोन्हीकडं पाय म्हणजे काय? माझी आजी कन्नड होती. तिला मी परकी म्हणू काय? शब्द मागं घ्या.

खानापूरची लेक
अण्णा, घरातल्या माणसांवर जाऊ नका. विषय सिनेमाचा आहे.

अनगोळ
आजीबद्दल काही म्हणालो नाही. लागलं असेल तर तेवढा शब्द मागं घेतो. पोस्टरचं आणि कराचं घेत नाही. ते खरं आहे.

चिकोडी रोड
कराचं खरं आहे, अन्यायच होता. खेळाला माणसं येत नाहीत हेही खरं आहे, ते तुम्ही मान्य करा मग पुढं बोलू.

निपाणीकर
धागा माझा, आणि पोचला करमणूक करावर. असो, तेही दुखणं खरंच.

टिळकवाडी, ‘फँड्री’बद्दल तुमचं म्हणणं मानतो. तो पोरगा आमच्या सिनेमात मध्यभागी नव्हता, हे नाकारता येणार नाही. पण म्हणून ‘श्वास’पासून सुरुवात? त्या हिशेबानं ‘सामना’तला मारुती कांबळे कोण होता? सिनेमाभर त्याला कुणी नीट दाखवत नाही आणि तरी सगळा सिनेमा त्याच्यावर उभा आहे. गावानं ज्याला गायब केलं त्याच्याबद्दल विचारायला १९७५ मध्ये कुणीतरी सुरुवात केली होती. मंजुळेंचा रस्ता कुणीतरी आधी तुडवलेला आहे, एवढंच माझं म्हणणं.

खानापूरच्या ताई, तुमच्या आईबद्दल वाचलं. ‘माहेरची साडी’ मला तेव्हाही आवडला नव्हता, आजही आवडत नाही. पण त्या बाया का गेल्या ते आज कळलं.

टिळकवाडी
‘सुरुवात’ हा शब्द काढतो आणि ‘पुनर्जन्म’ लिहितो. मधली वीस वर्षं मात्र वाईटच होती, तिथं माघार नाही. ‘सामना’ मी कॉलेजात असताना तुकड्यातुकड्यांत बघितला होता. या रविवारी सलग बघतो आणि मारुती कांबळेवर तुमच्याशी परत भांडतो.

खानापूरची लेक
रविवारी बघणार ते मोबाईलवरच ना? मग चिकोडी रोडवाल्यांना आधी उत्तर द्या.

टिळकवाडी
पैसे भरून बघणार, ताई. थिएटरात लावला तर तिथंही पैसे भरून येईन, सकाळच्या खेळाला.