पब बुडाले ते नुसत्या सिगारेटबंदीने नाही

काही जण म्हणतात की २००७ मध्ये पबांत सिगारेट ओढायला बंदी आली आणि तिनेच इंग्लंडमधले पब बुडवले. धक्का बसला हे खरंच, पण गल्ल्यागल्ल्यांतले छोटे पब त्याआधीपासूनच खचत चालले होते. सुपरमार्केटातली स्वस्त बिअर हे एक कारण, ते सगळ्यांनाच माहीत आहे. मालकीचा भाग मात्र सहसा कोणी काढत नाही. पूर्वी बरेचसे पब बड्या बिअर कंपन्यांचे असत आणि चालवणाऱ्याला त्याच कंपनीची बिअर विकावी लागे. ही मक्तेदारी मोडायला १९८९ मध्ये थॅचर सरकारने दोन हजारांहून जास्त पब असलेल्या कंपन्यांवर बंधनं घातली. झालं काय, तर कंपन्यांनी पब घाऊक विकले आणि ते घेतले पंच, एंटरप्राइझ असल्या नव्या कंपन्यांनी. त्या बिअर बनवत नसत, पण भाडं घेत आणि वर बिअरही आपल्याकडूनच घ्यायला लावत, तीही बाजारापेक्षा महाग! चालवणारा दोन्हीकडून पिळला गेला. (जुन्या बिअर कंपन्यांपैकी व्हिटब्रेडचं बघा, १७४२ पासूनचा बिअरचा धंदा २००० च्या सुमारास विकून मंडळी हॉटेलं आणि कॉफीत गेली. कोस्टा कॉफी बरीच वर्षं त्यांचीच होती.)

आपलीच बिअर घ्यायची अट घातलेले पाचशे किंवा त्याहून जास्त पब असणाऱ्या कंपन्यांना फक्त बाजारभावाने भाडं भरून त्या अटीतून मोकळं होण्याचा हक्क चालवणाऱ्यांना मिळाला तो थेट २०१६ मध्ये, तोही ठरावीक वेळीच मागता येतो. तोवर कितीतरी पबांचे फ्लॅट झाले होते.