विषय: व्हिट्संडेची तीन दिवसांची शिडाची बोट – कोणी गेलंय का?

प्रेषक: जुनी सभासद, कर्वेनगर, पुणे

नमस्कार मंडळी,

ब्रिस्बेन सोडून आम्हाला पुण्यात परत येऊन बारा वर्षं होतील, पण तिथल्या मराठी मंडळाची ही मेलची लिस्ट काही सोडवली नाही. मोदकांची ऑर्डर, कुणाचा सोफा विकायचाय, सगळं वाचत असते. आज पहिल्यांदाच कामासाठी लिहितेय.

लेकीचा ४६२ व्हिसाच्या (फिरता फिरता काम करू देणाऱ्या) सोडतीत नंबर लागला. (म्हाडाची नव्हे, ऑस्ट्रेलियाची सोडत. भारतासाठी वर्षाला १००० जागा.) पाठीवर सॅक टाकून ती क्वीन्सलँडच्या किनाऱ्याने वर वर चाललीय. मधेच कुठे शेतावर काम, मग हॉस्टेल, मग पुढचं गाव. इथपर्यंत आम्ही सवय करून घेतली. काल फोनवर म्हणाली, एअर्ली बीचहून शिडाच्या बोटीने व्हिट्संडे बेटांमध्ये तीन दिवस, दोन रात्री जाणार आहे. कधी, तर ऐन लक्ष्मीपूजनाला. सोबत वीस-पंचवीस अनोळखी माणसं. पोहायला येतं तिला, टिळक टँकवर शिकलीय, पण टिळक टँक म्हणजे पॅसिफिक नव्हे, असं तिच्या बाबांनी कालपासून चार वेळा ऐकवलं.

झोपायची सोय कशी असते? मुलींची वेगळी असते का? शाकाहारी काय मिळतं? आणि त्या जेलीफिशचं जे ऐकते ते कितपत खरं? आम्ही इतकी वर्षं तिथे राहून गोल्ड कोस्टच्या पलीकडे गेलो नाही, त्यामुळे तिला काही सांगायला गेलं की ती हसते.

---

प्रेषक: सभासद, ब्रिस्बेन

ताई, एअर्ली बीच इथून रस्त्याने अकराशे किलोमीटर आहे, तेव्हा ‘तुम्ही ब्रिस्बेनवाले जवळच आहात’ असं कुणी समजू नये. आमच्यातले जे गेले ते दिवसभराच्या मोठ्या कॅटामरानने (जोडबोटीने) जाऊन, सँडविच खाऊन, संध्याकाळी परत. बोटीवर रात्र काढलेलं कुणी आठवत नाही. परतलेल्या पुणेकरांपैकीच कुणी असेल.

लेकीला म्हणावं, दिवाळीला मंडळात ये. चकल्या यंदा कमिटीने केलेल्या नाहीत, तेव्हा खाण्यासारख्या असतील.

---

प्रेषक: सहकारनगर, पुणे (पूर्वी मेलबर्न)

ताई, मी गेलेय. २०१४ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, नवरा आणि मुलगा घरी ठेवून. हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीतल्या बाकीच्या पाच मुली बावीस-तेवीसच्या होत्या. त्यांनी मला पहिल्या दिवशी हॉस्टेलची मॅनेजर समजून टॉवेल मागितला.

आधी झोपायचं सांगते, कारण माझी फसगत तिथेच झाली. दुकानात भिंतीवर बोटींचे फोटो असतात. मला दाखवली पांढरीशुभ्र लांबलचक बोट, आणि मरिनावर गेले तर दुसरीच. ‘पहिली दुरुस्तीला गेलीय.’ त्या एजंटचं नाव घेत नाही, दुकान आता असेलही, नसेलही. पण खरा घोळ पुढे. स्वस्तातलं तिकीट होतं ‘डबल, शेअर्ड’. मी समजले खोली शेअर. ते होतं अंथरूण शेअर. तांडेलाने हाक मारून माझ्या शेजारी एक सहा फुटी जर्मन मुलगा उभा केला. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजला आणि दोन्ही रात्री आपणहून वर डेकवर झोपला. तेव्हा लेकीला सांगा, बोटीचं नाव लेखी घे आणि ‘सिंगल बंक’ असं छापून घे. मुलींची वेगळी खोली बहुतेक बोटींवर नसते, खाली सगळा एकच मामला. आपल्या रेल्वेचा साइड अपर आठवा, आणि त्याचं छत आणखी वीतभर खाली ओढा.

बोटीही दोन जातीच्या. एक म्हणजे जुन्या शर्यतीच्या यॉट, एके काळी सिडनी ते होबार्ट पळालेल्या, आता निवृत्तीत बॅकपॅकर वाहतात. दुसऱ्या रुंद कॅटामरान, त्यावर गाणी आणि खोक्यातली वाइन. शांत झोप हवी असेल तर कॅटामरान कमी डुलते, हे खरं. पण मी शर्यतीवालीच घ्यायला सांगेन. मरिनातून बाहेर पडेपर्यंत इंजिन घरघरत असतं, आपण फेरीबोटीत बसल्यासारखे बसतो. मग तांडेल चार जणांना बोलावतो, विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चकरीवर, दोर गुंडाळतात, हँडल फिरवून फिरवून दंड भरून येतात, शीड चढतं, आणि तो इंजिन बंद करतो. इतका वेळ ज्याचा आवाज होता ते गेलं आणि बोट मात्र चाललीच आहे, उलट जोरात चाललीय! एका अंगावर कलून. सगळ्यांनी वरच्या काठावर ओळीने बसायचं, पाय बाहेर सोडून. त्याने ओरडून दिशा बदलली की डोकं खाली घालून रांगत पलीकडच्या काठावर. आडवी काठी डोक्यावरून जाते, तेवढं मात्र गंमतीत घेऊ नये.

बोट लागते. पसरणी घाट ज्याला लागतो त्याला तर नक्कीच. गोळी बोटीवर चढायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि खाली झोपायला जायचं नाही, वर बसून क्षितिजाकडे बघायचं. माझ्याकडे आलेपाक होता. पहिल्या दुपारी तो एका डॅनिश मुलीला दिला, संध्याकाळपर्यंत डबा बोटभर फिरून रिकामा.

कडक सूटकेस चालत नाही, मऊ पिशवीच. सॅक हॉस्टेलवर ठेवून छोटी पिशवी घेऊन जायची. चपला चढतानाच एका पोत्यात जमा, देवळाबाहेर काढल्यासारख्या, आणि किनाऱ्यावर उतरताना तेच पोतं उपडं करून आपापला जोड शोधायचा. संडास हातपंपाचा. खाल्लेलं सोडून दुसरं काहीही आत गेलं तर पंप तुंबतो आणि तो तांडेल हाताने उघडतो, हे तो पहिल्याच भाषणात सांगतो. अंघोळ मिनिटभर. आपण पानशेत फुटल्यानंतरच्या पाण्याच्या गोष्टी ऐकत वाढलो, आपल्याला त्याचं काही नाही.

जेवणाचं: शाकाहारी असं आधी कळवलं तर करतात, पण करतात म्हणजे चिकन वगळतात. मी मेतकुटाची पुडी नेली होती. पहिल्या रात्री हुक बेटाच्या नारा इनलेटमध्ये नांगर टाकला, खाडीसारखी आत शिरलेली अरुंद जागा, दोन्हीकडे डोंगर. पांढरा भात होताच. त्यावर मेतकूट, आणि तूप नाही म्हणून बटर. अंधारात ताटली मांडीवर घेऊन खाल्लं. मागच्या दिव्याच्या उजेडात पाण्यात हातभर लांबीचे मासे गोल गोल फिरत होते, तांडेल म्हणाला त्या ट्रेव्हली. कुणी भाताचं शीत टाकायला गेलं की ओरडायचा, माशांना खायला घालायला बंदी आहे.

त्याच खाडीत सकाळी वर गुहेत इथल्या मूळनिवासी न्गारो लोकांनी काढलेली चित्रं दाखवतात. तिथल्या वस्तीच्या खुणा ९००० वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात. हे लोक झाडाच्या सालीच्या होड्यांतून या बेटांवर ये-जा करायचे. मी आदल्या दिवशी वीस माणसं आणि लोखंडी विंच लावून जे केलं, ते.

व्हाइटहेवनचा किनारा सात किलोमीटर, म्हणजे स्वारगेटहून निघालात तर कात्रज येईल. रेती जवळजवळ शुद्ध सिलिका, ९८ टक्के, भर दुपारी अनवाणी चाललं तरी पाय भाजत नाहीत. एक भेळवाला नाही, एक टपरी नाही. (पहिले दहा मिनिटं बरं वाटलं, मग भेळ आठवली.) फोन मात्र पिशवीतून काढू नये, ती पिठासारखी रेती त्याच्या फटीत जाऊन बसते. किनाऱ्याच्या टोकाच्या हिल इनलेट खाडीचा देखावा वरून बघायला थोडं चढावं लागतं. पर्वती चढणाऱ्याला तो चढच नाही.

आता जेलीफिश. खरं आहे, आणि तुमची लेक जातेय ती त्यांच्या मोसमाच्या सुरुवातीलाच, साधारण नोव्हेंबर ते मे. बॉक्स जेलीफिश मोठा आणि किनाऱ्याजवळचा, इरुकांजी नखाएवढा, पाण्यात दिसतसुद्धा नाही. इरुकांजीचा डंख आधी किरकोळ वाटतो, खरा त्रास अर्ध्या तासाने सुरू होतो: पाठ, पोट, घाम, रक्तदाब. म्हणून ‘काही नाही, चावलं असेल काहीतरी’ म्हणून गप्प बसायचं नाही. व्हिनेगर ओतायचं, निदान तीस सेकंद. चोळायचं नाही, गोडं पाणी लावायचं नाही, आणि बोटीवर लगेच सांगायचं. बोटीवर स्टिंगर सूट देतात, मनगटापासून घोट्यापर्यंत लायक्रा, डोक्याला टोपी. नऊवारीपेक्षा जास्त अंग झाकलं जातं. फोटो वाईट येतात म्हणून पोरं काढून ठेवतात. तुमचीला दम द्या.

एक गोष्ट कबूल करते. मी पाहिलेले प्रवाळ तिला दिसतील असं नाही. २८ मार्च २०१७ ला डेबी चक्रीवादळ एअर्ली बीचजवळच जमिनीवर चढलं, चौथ्या श्रेणीचं, आणि बेटांच्या कडेच्या उथळ प्रवाळांची पार मोडतोड झाली. वर पाणी तापून रंग उडतो ते वेगळंच. कुठे सावरलंय, कुठे नाही, ते बोटीवरचे लोक जाणतात. त्यांना विचारलं तर मनापासून सांगतात.

---

प्रेषक: आजोबा, पाषाण, पुणे (मुलगा ब्रिस्बेनला, म्हणून लिस्टवर)

सौ. ताईंस,

मी नौदलातून निवृत्त. शीड पहिल्यांदा हातात घेतलं ते खडकवासल्याला, एनडीएच्या पीकॉक बेमध्ये. तिथेच पहिल्यांदा उलटा झालो. तेव्हा यजमानांना सांगावे, तलावावर शिकलेला माणूसही समुद्रावर जाऊ शकतो.

कलण्याची भीती बाळगू नये. आमची ती छोटी होडी उलटायची, कारण तिला खाली वजन नव्हते. या मोठ्या यॉटच्या पोटाखाली शिशाचे किंवा लोखंडाचे जड वजन असते. बोट जितकी कलते तितके ते तिला परत खेचते. वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहू नये, एवढे पुरे. उलटी करायची असल्यास मात्र त्याच बाजूला करावी आणि काठाला धरून करावी. उलट बाजूला केल्यास सगळे आपल्यालाच परत मिळते.

तिथे हिवाळ्यात आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. नोव्हेंबरात ते बरेचदा मंदावून ईशान्येचा वारा येतो, तेव्हा समुद्र त्या मानाने सुसह्य. पण १ नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा अधिकृत मोसम सुरू होतो. कंपनीने फेरी रद्द केली तर कन्येने भांडू नये.

लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. भरती-ओहोटीतला फरक त्या दिवसांत सर्वांत मोठा. हिल इनलेटमधली निळ्या-पांढऱ्या रेतीची नक्षी ओहोटीला उघडी पडते, त्यामुळे बोट तिथे केव्हा नेणार हे घड्याळ नव्हे, समुद्र ठरवतो. माझी आजी हर्णैची. ती तिथीची पाऊणकी करून भरतीची वेळ सांगायची: अष्टमी, आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा. क्वीन्सलँडला लावू नये, मी मुलाकडे गेलो असताना लावून पाहिला आणि सुनेसमोर फजिती झाली.

तिथीवरून आठवले. या बेटांमधल्या वाटेला नाव दिले कॅप्टन कुकने, १७७० च्या जूनमध्ये. त्याच्या रोजनिशीप्रमाणे त्या दिवशी ख्रिस्ती लोकांचा व्हिटसंडे, म्हणजे रविवारीच येणारा सण, होता. पण पश्चिमेकडे प्रदक्षिणा घालत आल्यामुळे त्याचा एक दिवस मागे राहिला होता आणि तेव्हा वाररेषा नव्हती. आजच्या हिशेबाने तो सोमवार. बारशालाच वार चुकला.

शेवटचे आणि गंभीर. या बेटांमध्ये सिड हार्बर नावाची नांगर टाकायची शांत जागा आहे. २०१८ साली तिथे शार्कचे तीन हल्ले झाले, एक जण गेला. तिथे पाण्यात उतरायचे नाही. कुणी ‘पाच मिनिटं’ म्हणाले तरी नाही.

---

प्रेषक: कर्वेनगर, पुणे

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही मेल मी तिला जशाच्या तशा पाठवल्या. पहिली प्रतिक्रिया: ‘आई, तू अख्ख्या मंडळाला विचारलंस?’ दुसरी प्रतिक्रिया दोन तासांनी: तिचंही तिकीट ‘डबल, शेअर्ड’ होतं. जास्तीचे पैसे भरून सिंगल करून घेतलंय. शार्कचं मी तिच्या बाबांना दाखवलेलं नाही, ही मेल ते वाचत नाहीत.

आता ती विचारतेय, बोटीवर पणती लावली तर चालेल का. एक तरी लावायचीय म्हणते. इथे असताना रांगोळीला बोलावलं तर अभ्यास असायचा.

---

प्रेषक: आजोबा, पाषाण, पुणे

बोटीवर उघडी ज्योत अजिबात नाही. गॅस आणि इंधन दोन्ही खाली असते.

नांगर टाकलेल्या बोटीला रात्रभर उंचावर पांढरा दिवा लावावाच लागतो, सगळ्या दिशांनी दिसेल असा. समुद्रावरचा नियमच आहे. बहुतेक तो डोलकाठीच्या टोकाला असतो. अमावास्येच्या रात्री त्या खाडीत दहा बोटी असल्या तर दहा आकाशकंदील. तिने डेकवर उताणे पडून मोजावेत. पूर्वेकडून मृग नक्षत्र वर येईल ते तिला उलटे दिसेल, त्याने गोंधळू नये.

---

प्रेषक: सहकारनगर, पुणे

आणि मेतकूट? ब्रिस्बेनवाल्यांनी सांगा कुठे मिळतं ते. अकराशे किलोमीटर लांब असाल, पण पोस्ट तर आहे ना तिकडे.