आयव्हीएफमधला 'किफायतशीर' शोधनिबंध कसा तपासावा?

वसुधा_सातारा: नमस्कार मंडळी. वय ३४, पहिल्या आयव्हीएफची तयारी चालू आहे. क्लिनिकने भ्रूणांची पीजीटी-ए तपासणी (भ्रूणातल्या गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे का ते बघणारी) सुचवली आणि ती 'किफायतशीर' असल्याचा शोधनिबंध हातात दिला. नवऱ्याचं म्हणणं, छापून आलंय म्हणजे खरंच असणार. कोष्टकं वाचता येतात मला, पण नेमकं बघायचं काय? जाणकारांनी सांगावं.

आकडेमोड: वसुधाताई, आधी यशाचा दर कशामागे मोजलाय ते बघा. 'प्रति ट्रान्सफर', म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या दर खेपेमागे असेल तर सावध. तपासणीत ज्यांची सगळीच भ्रूणं बाद झाली, त्या बायका या हिशेबातून गळतात. पैसे मात्र त्यांनीही भरलेले असतात. उपचार सुरू करणाऱ्या दर जोडप्यामागे, गोठवलेली भ्रूणं धरून, किती जणांच्या घरी बाळ आलं हे हवं.

चीनमधली १२१२ स्त्रियांची चाचणी २०२१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. वय २० ते ३७, प्रत्येकीचे निदान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवस वाढवलेली भ्रूणं). वर्षभरात, तीन ट्रान्सफरपर्यंत मोजलं तर जिवंत जन्म पीजीटी-ए गटात ७७.२ टक्के, साध्या गटात ८१.८. गर्भपात मात्र तपासणीच्या गटात कमी झाले, तेही खरं, आणि ज्या बाईने ते सोसलंय तिला त्याचं मोल वेगळं वाटेल. पण 'जास्त बाळं' म्हणून कोणी विकत असेल तर अशा रुग्णांत तो दावा टिकत नाही.

लॅबवाली: +१. जुळ्यांचा खर्च धरलाय का तेही बघा. दोन भ्रूणं सोडली की 'प्रति जन्म खर्च' कागदावर उतरतो, एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल दुसऱ्याच वहीत. बेल्जियमने २००३ मध्ये सहा सायकलचा (उपचाराच्या सहा फेऱ्यांचा) प्रयोगशाळेचा खर्च उचलला, पण किती भ्रूणं सोडायची यावर बंधन घालून. जुळी झपाट्याने घटली.

पुणेरी_पेशंट: निबंध ब्रिटनचा असेल तर खर्च बहुधा तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा. आपल्याकडे इंजेक्शनं, प्रवास, बिनपगारी रजा, सगळं आपल्याच खिशातून.

वसुधा_सातारा: पाहिलं. 'प्रति ट्रान्सफर'च आहे! जुळ्यांबद्दल अक्षर नाही. डॉक्टरांना न दुखावता विचारू कसं?

आकडेमोड: दुखावण्यासारखं काय त्यात? 'माझ्या वयाच्या किती जणींनी तुमच्याकडे सायकल सुरू केली आणि त्यातल्या किती जणींना मूल झालं, तपासणी करून आणि न करता?' एवढंच. उत्तर लेखी मागा. आणि निबंधाला निधी कोणी दिला ते शेवटच्या पानावर सापडेल.