प्रोसेस बुक मागाहून भरता का?

कच्चीरेघ

ग्राफिक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळतेय. वर्गात बोलायचं धाडस होत नाही, म्हणून इथे विचारते.

प्रत्येक प्रोजेक्टसोबत आम्हाला प्रोसेस बुक, म्हणजे काम कसं घडत गेलं त्याची वही, द्यावं लागतं. आधी संशोधन, मग मूडबोर्ड (संदर्भचित्रांचा फलक), थंबनेल (अगदी छोटी कच्ची चित्रं), रफ, फायनल असा क्रम. मागच्या तीन प्रोजेक्टना मी काय केलं ते खरं सांगते. ब्रीफ (काय करायचं त्याचं वर्णन) हातात पडल्यावर सरळ इलस्ट्रेटर (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) उघडला, काहीतरी बरं दिसेपर्यंत आकार इकडून तिकडे सरकवत बसले, आणि फायनल झाल्यावर, सबमिशनच्या आदल्या रात्री, वहीत चाळीस थंबनेल काढले. मुक्कामाला पोचल्यावर वाट आखली. मार्क चांगले पडले, आणि तेच मला खातंय.

आताचा ब्रीफ कॉलेजच्या लायब्ररीसाठी सहा पिक्टोग्रामचा, म्हणजे चित्रातून अर्थ सांगणाऱ्या चिन्हांचा, आहे: शांतता राखा, पुस्तक घेणे, पुस्तक परत करणे, संदर्भग्रंथ, नियतकालिके, अभ्यासिका. फक्त काळा आणि पांढरा. शब्द वापरायचे नाहीत. पहिल्याच दिवशी दोन तासांत सहाही करून टाकले. 'परत करणे'साठी उघडं पुस्तक आणि त्यात वरून उतरणारा बाण. सुबक दिसत होतं. रूममेटला दाखवलं तर तिने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "पुस्तक डाउनलोड करा."

तेव्हापासून अडकले आहे. चिन्ह दुरुस्त करायला घेते आणि लक्षात येतं की मागे जायला काहीच नाही. बाण का, उघडं पुस्तक का, मलाच माहीत नाही. हाताला लागलं म्हणून घेतलं होतं.

तर, तुम्ही खरोखर कागदावर सुरुवात करता का? स्क्रीनवर सुचलेलं कमी दर्जाचं असतं का? आणि मागाहून वही भरणं सगळेच करतात, की मीच? हातात दोन आठवडे आहेत.

---

दुसरारफ

कॉलेज संपून सहा वर्षं झाली, सध्या पॅकेजिंगचं काम करतो. मागाहून वही आम्हीही भरायचो, वर्गातले निम्मे तरी. त्यामुळे एकटी आहेस असं समजू नकोस.

पण कागद की स्क्रीन हा वाद बाजूला ठेव. माझ्या मते फरक आकाराचा आहे. थंबनेल काडेपेटीएवढा काढ, त्याहून मोठा नको. एवढ्या जागेत बारकावे मावतच नाहीत, त्यामुळे हाताला फक्त मांडणीचा विचार करावा लागतो: कुठे काळं, कुठे पांढरं, काय मोठं, काय लहान. स्क्रीनवर आपण पहिल्या मिनिटापासून मोठं करून कोपऱ्यांची गोलाई ठरवत बसतो. सुबकपणा इतक्या लवकर आला की मन त्या आकाराला चिकटतं, मग तो फेकवत नाही. तुझ्या बाणाचं तेच झालं असणार.

स्क्रीनवरच सुचत असेल तर तिथेही हे जमतं. एका आर्टबोर्डवर (सॉफ्टवेअरमधल्या कोऱ्या पानावर) वीस लहान चौकोन आखून घे आणि झूम न करता काम कर. जुनं काही पुसायचं नाही. शेजारी प्रत घ्यायची आणि प्रतीत बदल करायचा. मी फाइलच्या नावात तारीख टाकतो आणि दिवसाच्या शेवटी टेबलाचा एक फोटो काढतो. प्रोसेस बुक आपोआप भरत जातं, आदल्या रात्री काही रचावं लागत नाही.

मूडबोर्डबद्दल माझं मत जरा कडक आहे. पिक्टोग्रामच्या प्रोजेक्टला दुसऱ्यांचे पिक्टोग्राम गोळा करून मूडबोर्ड करू नकोस. तू उत्तरं गोळा करतेस आणि त्यांची सरासरी काढतेस. लायब्ररीत जाऊन बस.

---

फळाआणिखडू

मी डिझाइन शिकवते, मुलांचं काम तपासणाऱ्या ज्युरीवरही बसते. मागाहून काढलेले थंबनेल आम्हाला बहुतेक वेळा ओळखू येतात. सगळे एकाच पेनाचे, एकाच दाबाचे, पानावर नीट ओळीत, आणि चाळीसही फायनलच्या आसपास घुटमळणारे. खऱ्या वहीत पेन बदलतं, मध्येच फोन नंबर लिहिलेला असतो, एखाद्या पानावर सहा वेळा गिरवलेली एकच रेघ असते. तरी त्याला मार्क पडतात, ही आम्हा शिक्षकांची चूक आहे. आम्ही संख्या मागितली की मुलं संख्या देतात.

मी वहीत स्केच मोजत नाही. एखादी दिशा का सोडली, हे दोन ओळींत लिहिलेलं शोधते. तुमच्याकडे असं एक पान आधीच आहे. "पुस्तक डाउनलोड करा" हे वाक्य त्या बाणाच्या चित्राखाली, तारखेसह, आहे तसं लिहा. या प्रोजेक्टमधलं तुमचं आतापर्यंतचं सगळ्यात खरं संशोधन तेच आहे.

चिन्हांच्या कामात एक जुनं उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. अमेरिकेच्या परिवहन विभागासाठी एआयजीए या डिझाइनरांच्या संस्थेने १९७४ मध्ये ३४ चिन्हांचा संच केला, १९७९ मध्ये त्यात १६ भर पडून ५० झाली. त्यांनी आधी जगभर वापरात असलेली चिन्हं जमवली आणि प्रत्येकाला तीन अंगांनी तपासलं. चिन्हातून अर्थ नेमका कळतो का? संचातल्या इतर चिन्हांशी त्याचं नातं जुळतं का? आणि प्रत्यक्ष जागेवर, लांबून, अपुऱ्या उजेडात ते चालतं का? (दुसऱ्यांची चिन्हं पाहू नका, या वरच्या सल्ल्याशी म्हणूनच मी पूर्ण सहमत नाही. पाहा, पण तपासण्यासाठी पाहा.) तुमचा बाण पहिल्या प्रश्नावर पडला. बाकीचे दोन अजून विचारलेच गेलेले नाहीत.

दुसऱ्या प्रश्नासाठी ओट्ल आयखर यांच्या गटाने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी केलेले पिक्टोग्राम पाहा. आधी जाळी ठरली: आडवी, उभी आणि ४५ अंशांतली तिरपी रेघ. सगळे खेळाडू त्याच जाळीत बसवले. नियम आधी ठरला की सहावं चिन्ह करताना पहिल्याशी भांडावं लागत नाही.

आणि लोकांना विचारताना "हे परत करण्याचं वाटतं का?" असं कधीही विचारू नका. समोरचा माणूस भिडेपोटी हो म्हणतो. "याचा अर्थ काय?" एवढंच विचारून गप्प बसा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. रूममेटचं उत्तर मोलाचं ठरलं, कारण तुम्ही काही सुचवलं नव्हतं.

---

शाईचाडाग

मी छपाईच्या बाजूचा. वर 'प्रत्यक्ष जागेवर' आलं आहे म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो.

मुलं छापायला शेवटच्या दिवशी येतात आणि मग रडकुंडीला येतात. पिक्टोग्रामसाठी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच साध्या प्रिंटरवर प्रत काढा. काळ्यावर पांढरी रेघ असेल तर कागदावर शाई थोडी पसरते आणि रेघ दोन्ही कडांनी खाल्ली जाते. स्क्रीनवर तीच रेघ उजळ आणि जाड दिसते, म्हणून डोळा फसतो. पुस्तकाच्या पानांमधल्या बारीक पांढऱ्या फटी हमखास बुजतात. प्रत भिंतीला लावा, दहा पावलं मागे जा, डोळे किलकिले करून बघा. जे दिसेनासं झालं ते काढून टाका. आणि काळा पाठीमागचा रंग कडेपर्यंत नेणार असाल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड ठेवा, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर तेवढा रंग वाढवा.

---

कच्चीरेघ

दहा दिवसांनी परत आले. तिघांचेही मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

देवघेवीच्या टेबलासमोर दीड तास बसले. फक्त हात काढले. पहिली वीसेक मिनिटं काहीच दिसेना, हातांऐवजी मी माझ्या डोक्यातलेच हात काढत होते. मग हळूहळू कळायला लागलं. पुस्तक घेऊन निघालेला माणूस ते छातीशी धरतो. परत करणारा टेबलावर ठेवतो आणि तळव्याने समोर सरकवतो. जवळजवळ प्रत्येक जण तसंच सरकवत होता, आणि इतकी वर्षं मीही तेच करत आले असणार.

त्यावरून पुस्तकावर सपाट तळवा असं चिन्ह काढलं. मला खात्री होती की सापडलं. छापून भिंतीला लावलं, "याचा अर्थ काय?" एवढंच विचारलं. तिघांनी सांगितलं, "शपथ घ्या." हे उत्तर वहीत लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं. तळव्याची कल्पना फार आवडली होती.

मग चूक कुठे आहे ते दिसलं. हात जवळून काढल्यामुळे टेबलच गेलं होतं, आणि टेबलाशिवाय दिशा कळत नाही. आता दोन्ही चिन्हांत तेच टेबल आहे, तोच माणूस. 'घेणे'मध्ये त्याची टेबलाकडे पाठ आणि पुस्तक छातीशी. 'परत करणे'मध्ये तोंड टेबलाकडे, हात पुढे पसरलेले, पुस्तक टेबलावर. जाळी आडव्या-उभ्या आणि ४५ अंशांच्या रेघांचीच ठेवली. पसरलेला हात आधी ३० अंशांवर होता, तेव्हा माणूस टेबल पुसतोय असं वाटायचं. ४५ वर नेल्यावर तो पुस्तक देतोय हे कळलं. अकरा जणांना विचारलं. 'परत करणे' आठ जणांना बरोबर कळलं. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी "चौकशी" म्हटलं. म्हणजे पुस्तक अजून मोठं करायला हवं.

छापल्यावर पुस्तकाच्या फटी खरंच बुजल्या. पानांच्या तीन रेघांची आता एकच जाड रेघ केली आहे.

यातलं निम्मं काम स्क्रीनवरच झालं, फक्त लहान चौकोनांत. वही अस्ताव्यस्त आहे. एका पानावर शपथवाला तळवा आहे आणि त्याखाली तिघांची उत्तरं, मी खोडलेली नाहीत.

'नियतकालिके' अजून राहिलंय. दुमडलेलं मासिक काढलं की कुणी माहितीपत्रक म्हणतं, कुणी नकाशा. उद्या सकाळी लायब्ररी उघडली की मासिकांच्या मांडणीसमोर बसणार आहे. तिथे लोक उभ्या उभ्याच चाळतात असं काल ओझरतं दिसलं, ते नीट बघायचंय.