पुण्यात पोलर अलाइनमेंटसाठी वेगळा कॅमेरा घेणं म्हणजे पैशाची नासाडी

गच्चीवाला (धागाकर्ता)

थंडी पडली की नवीन माउंट (दुर्बीण किंवा कॅमेरा पेलून ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक) घेतलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पोलमास्टर घेऊ की आयपोलर? माझं उत्तर : दोन्ही नको. भांडायचं असेल त्यांच्यासाठी खाली भरपूर जागा आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. विषुववृत्तीय माउंटचा आरए अक्ष (ज्याभोवती तो ताऱ्यांमागे फिरतो) पृथ्वीच्या अक्षाला समांतर लागतो, म्हणजे त्याचं टोक खगोलीय ध्रुवाकडे, आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं तिकडे हवं. हेच पोलर अलाइनमेंट. तसं नसेल तर फोटोत ताऱ्यांच्या रेघा येतात. पोलमास्टर काय, आयपोलर काय, त्या अक्षाच्या दिशेने बघणारा छोटा कॅमेराच. त्याला ध्रुवाभोवतीचं आकाश दिसावंच लागतं.

आता आपलं गाव बघा. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून ध्रुव क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर. सरळ हिशोब आहे : उत्तरेची इमारत तुमच्या गच्चीपेक्षा १० मीटर उंच आणि ३० मीटरच्या आत असेल, तर ध्रुव गेला. १० मीटर म्हणजे तीन मजले हो! कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे इथे पुनर्विकासाचा जो धडाका लागलाय, त्यात चार मजल्यांच्या जागी बारा उभे राहतायत. आज दिसणारा ध्रुवतारा पुढच्या दिवाळीला दिसेल याची हमी कुठलाही बिल्डर देत नाही.

शिवाय गाइडिंगसाठी (फोटो चालू असताना एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सतत सावरायला) कॅमेरा आणि छोटी गाइड दुर्बीण तुम्ही आज ना उद्या घेणारच. मग त्याच कॅमेऱ्याने काम का करू नये? एनआयएनए हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट नावाचं प्लगइन आहे. माउंट फक्त आरएमध्ये फिरवून तीन जागी तीन फोटो काढायचे. प्लेट सॉल्व्हिंगने, म्हणजे फोटोतले तारे नकाशाशी जुळवून, प्रत्येक फोटो आकाशात नेमका कुठला ते कळतं, त्यावरून अक्ष किती आणि कुठे चुकलाय ते निघतं. आकाशाचा कुठलाही मोकळा तुकडा चालतो. ध्रुवताऱ्याची गरजच नाही.

खालून_बघणारा

तत्त्वतः असहमत. तुम्ही एक खर्च वाचवून दुसरा माथी मारताय. लॅपटॉप, केबली, पॉवर बँक, गाइड कॅमेरा... आणि समोरच्याकडे असतो एक साधा ट्रॅकर (कॅमेऱ्यापुरता छोटा माउंट) आणि १३५ मिमीची लेन्स.

आकडेच मांडतो. (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला.) अक्ष एक कला चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला आणि किंचित वर सरकतो. माउंटसोबत येणारा पोलर स्कोप (अक्षातून ध्रुवाकडे बघायची छोटी दुर्बीण) नीट वापरला तर पाच कलांच्या आत येता येतं, म्हणजे मिनिटाला सव्वा विकलेच्या आसपास. १३५ मिमीवर आजच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल पावणेसहा विकलांचा. दोन मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये अर्धा पिक्सेलसुद्धा सरकत नाही. मग कशाला हवंय बाकीचं लटांबर?

फक्त ध्रुवतारा मधोमध आणून गप्प बसू नका. तो खऱ्या ध्रुवापासून अजून ३७-३८ कला दूर आहे. दुर्बिणीला डोळा लावून नुसते गुरू-शनी बघायचे असतील तर तेवढ्यावर भागतं, फोटोला नाही. डिसेंबरच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास तो पुण्यातून ध्रुवाच्या बरोबर वर असतो. पोलर स्कोपमध्ये चित्र उलटं, म्हणून वर्तुळावर त्याला सहाच्या आकड्यापाशी ठेवायचं. बाकी वेळेसाठी फोनवर ॲप आहेत.

आणि घेतल्या घेतल्या एकदा दिवसा लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक पोलर स्कोपमधल्या फुलीवर धरून आरए फिरवून बघा. टोक फुलीवरून हललं तर आतली काच मध्यावर नाही, तिचे बारीक स्क्रू जुळवून घ्यावे लागतात. हे न करता "पोलर स्कोप बेकार आहे" म्हणणारे फार भेटतात.

गच्चीवाला

१३५ मिमीपुरतं मान्य. पण साडेअठरा अंशावरच्या पोलर स्कोपमध्ये बघायचं म्हणजे चायना मोझॅकच्या गार गच्चीवर चटई टाकून आडवं व्हायचं आणि मान वाकडी करून एक डोळा मिटायचा. युरोपातल्या लोकांचा ध्रुव पन्नास अंशावर, ते खुर्चीत बसून बघतात आणि व्हिडिओत सांगतात की किती सोपंय.

खालून_बघणारा

काटकोनी आयपीस मिळतो पोलर स्कोपला लावायला. मान वाचते.

वेल्ह्याचा_पाहुणा

माझ्याकडे पोलमास्टर आहे आणि मी तो सोडणार नाही. धागाकर्त्यांचं सगळं गणित गच्चीचं आहे. मी गच्चीवर फोटो काढतच नाही, वेल्हे नाहीतर पानशेतच्या बाजूला जातो. तिथे उत्तर मोकळी, ध्रुवतारा ढळढळीत समोर.

अशा ठिकाणी माणूस शनिवारी ऑफिसचं काम उरकून, चांदणी चौकातून सुटून पोचतो तोवर अंधार पडलेला असतो. त्यात तुमची तीन फोटोंची पद्धत म्हणजे आधी फोकस, मग लॅपटॉपवर कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, मग प्लेट सॉल्व्ह. एक फोटो अडला की सगळे लॅपटॉपभोवती गोळा. पोलमास्टरला माउंटची मोटरसुद्धा जोडावी लागत नाही. ध्रुवतारा दाखवायचा, आरए हाताने थोडा थोडा फिरवायचा, तारा कशाभोवती फिरतोय ते त्याला कळतं, आणि मग पडद्यावर खूण खुणेवर येईपर्यंत बोल्ट फिरवायचे. बोल्ट फिरवला की चित्र लगेच हलतं. तुमच्याकडे दर वेळी पुढचा फोटो निघून सॉल्व्ह होईपर्यंत थांबायचं. ज्याने थंडीत कुडकुडत हे केलंय त्याला त्या फरकाची किंमत कळते.

काटकसरी_काकू

वेल्ह्याला जाणाऱ्यांनी पोलमास्टर घ्यावा, आमची काही हरकत नाही. पण तुमचीच माणसं नवीन मुलांना "आधी पोलमास्टर घे" सांगतात, ते थांबवा. जवळपास त्याच पैशात गाइड कॅमेरा आणि तीस मिमीची गाइड दुर्बीण येते, आणि ती रात्रभर राबते. पोलमास्टर दहा मिनिटं राबतो आणि मग माउंटवर जावयासारखा बसून राहतो.

वेल्ह्याचा_पाहुणा

जावई दहा मिनिटं तरी राबला ना काकू!

साठ_विकला

इथे सगळे वेग आणि पैसे बघतायत, अचूकतेचं काय? मी शार्पकॅप या सॉफ्टवेअरने करतो. ध्रुवाजवळ एक फोटो, आरए ९० अंश फिरवून दुसरा, आणि आकडा अर्ध्या कलेच्या खाली आणतो. त्याला ध्रुवापासून पाचेक अंशांतलं आकाश दिसावं लागतं आणि ही सोय पैसे भरलेल्या आवृत्तीतच आहे, हे खरं. पण एकदा तीस विकला दिसल्या की पोलर स्कोपच्या पाच कला नकोशा वाटतात.

दक्षिणेची_बाल्कनी

तीस विकला कुठल्या ध्रुवापासून? साडेअठरा अंश उंचीवर वातावरण प्रकाशाला वाकवतं आणि आकाश जवळजवळ तीन कला उचलून दाखवतं. खरा ध्रुव खाली, दिसणारा वर. ही दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये चालू आहे की बंद, हे बघितलंय का? बंद असेल तर ज्या तीस विकलांवर तुम्ही खूश आहात त्या दिसणाऱ्या ध्रुवापासूनच्या, खऱ्यापासून तीन कला दूर. पन्नास-साठ अंशावरच्या माणसाला हा फरक कलाभरही नसतो, म्हणून तिकडच्या चर्चांमध्ये फारसं कोणी बोलत नाही. इथे बोलावं लागतं.

अर्थात गाइडिंग चालू असेल तर तीन कलांनी बिघडत काहीच नाही. तोच माझा मुद्दा. हजार मिमी फोकल लेंग्थपर्यंत गाइडिंग लावून फोटो काढणाऱ्याला दोन-तीन कला पुरतात. त्याखाली आकडा नेणं हा छंदातला छंद आहे.

साठ_विकला

दुरुस्ती चालू आहे. छंदातल्या छंदाबद्दल मात्र बोलायला जागा नाही.

जुना_दुर्बीणवाला

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. तेव्हापासून लोक दुर्बिणी लावतायत, प्लेट सॉल्व्हिंगचं नाव कोणी ऐकलं नव्हतं. ड्रिफ्ट पद्धत, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष सुधारणं, शिका, मग हवं ते विकत घ्या.

दिगंशासाठी (अक्ष पूर्व-पश्चिम किती चुकलाय त्यासाठी) मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पश्चिमेकडचा, मिंटाका, अगदी आयता आहे. तो खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. जानेवारीच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो, पुण्यातून सत्तर अंशांच्या वर, कुठलीही इमारत आड येत नाही. बारीक रेघांच्या आयपीसमध्ये धरा आणि बघत बसा. तारा दक्षिणेला सरकला तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेला आहे, उत्तरेला सरकला तर पश्चिमेला. उंचीसाठी असाच एक तारा पूर्वेला, क्षितिजापासून थोडा वर धरायचा : दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर. ध्रुवतारा नको, लॅपटॉप नको, परवाना नको.

साठ_विकला

१९४४ साली पूर्वेला खराडी-हडपसरचे दिवेही नव्हते, काका. आज तिकडे क्षितिजापाशी तारा धरून दाखवा.

जुना_दुर्बीणवाला

मग पश्चिमेला धरा, फक्त उंचीचा नियम उलटा लावा. पीएचडी २ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही ड्रिफ्टची सोय आहे, डोळा दुखत असेल तर कॅमेरा बघत बसेल. पण उत्तर का आलं ते तुम्हाला कळलेलं असेल.

हिरवा_किरण

पोलर स्कोपमधून हिरवा लेझर सोडायचा आणि ठिपका ध्रुवताऱ्यावर न्यायचा. दोन मिनिटांत काम. एवढी चर्चा कशासाठी?

काटकसरी_काकू

लोहगावला उतरणारी विमानं तुमच्या डोक्यावरून जातात म्हणून. पायलटच्या डोळ्यात गेला तर? ठेवून द्या तो लेझर.

नवीन_माउंट

सगळं वाचलं. माझी गच्ची नाही, दक्षिणेला तोंड असलेली बाल्कनी आहे. फोनचं होकायंत्र लावतो तर दर वेळी वेगळी उत्तर दाखवतं. तीन फोटोंची पद्धतच लागणार हे कळलं, पण सुरुवातीची दिशा तरी बरी कशी मिळवू?

दक्षिणेची_बाल्कनी

माझीच गोष्ट. स्लॅबमधल्या सळया, बाल्कनीचं ग्रिल आणि माउंटचं लोखंड, तिन्ही मिळून फोनच्या होकायंत्राला खेळवतात. सूर्य वापरा. दोऱ्याला वजन बांधून लोंबकळवा आणि स्थानिक मध्यान्हाला त्याची सावली जमिनीवर आखा, ती खरी उत्तर-दक्षिण. पण घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, पुणे ७३.८६ वर, म्हणून इथे मध्यान्ह साधारण १२:३५ ला होतो. तोही वर्षभर हलतो : नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२:४९. पंचांगात किंवा ॲपमध्ये त्या दिवसाची वेळ बघा. डिसेंबरात एका मिनिटाची गफलत म्हणजे दिशेत सुमारे वीस कला, तेव्हा सेकंदाकडेही लक्ष असू द्या. रेघ आखली की ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली ऑइलपेंटचे ठिपके द्या. दुसऱ्या वेळेपासून निम्मं काम झालेलं असतं. फक्त घरमालकाला आधी विचारा.

नट_बोल्ट

साधनांवरून एवढी हमरीतुमरी, आणि ज्या बोल्टने अक्ष हलतो त्याच्या दुखण्याचं नावही कोणी काढलं नाही. साडेअठरा अंशावर माउंट पुढे इतका झुकतो की सगळा भार उंचीच्या एकाच बोल्टवर येतो. स्वस्त माउंटांचा हा बोल्ट मऊ असतो, वाकतो. बोल्ट फिरवताना डोकं हाताने थोडं उचलून धरा, आणि शेवटची हालचाल नेहमी खालून वर ढकलणारी ठेवा, म्हणजे खेळ राहत नाही. मग लॉक आवळला की अक्ष दोन-तीन कला हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला घासत नाही ना, तेही आरए पूर्ण फिरवून आधी दिवसाउजेडी बघा. हे केलं नाही तर पोलमास्टर आणि पोलर स्कोप, दोघांचंही उत्तर सारखंच चुकेल.

गच्चीवाला

नट_बोल्ट यांना +१. बाकी माझं मत तेच : शहरातून फोटो काढणाऱ्याने गाइड कॅमेरा आधी घ्यावा. वेल्ह्याचे पाहुणे, पुढच्या अमावास्येच्या शनिवारी मी तिकडे येतो. तुम्ही पोलमास्टरने लावा, मी तीन फोटोंनी, एकाच वेळी सुरू करू. मग दोन्हीकडे पीएचडी २ चा गाइडिंग असिस्टंट चालवू. पोलर अलाइनमेंट किती चुकलंय ते तोच सांगेल.

वेल्ह्याचा_पाहुणा

या. पण घड्याळ बॅग उघडल्यापासून लावायचं, लॅपटॉप सुरू झाल्यापासून नाही.